मालकाची सही

१८ जून २०१७, रविवार

धाटावच्या कंपनीचा निरोप आला. जुलैपासून जीएसटी नंबर नसलेलं बिल घेणार नाहीत. नंबर नसेल तर मांडवाचं काम दुसऱ्याला. साहेब बोलायला मऊ — 'बाई, आमच्या हातात काही नाही.' मग कोणाच्या हातात असतं ते कोणीच सांगत नाही.

लग्नसराईत पोट भरतं, पण पावसाळाभर माणसं सांभाळायची ती कंपन्यांच्या कामावर. सेफ्टी वीक, कामगारांच्या मुलांचे सत्कार, कुठल्या साहेबाचा निरोप समारंभ. ते गेलं तर रघू आणि जगनला चार महिने घरी बसवावं लागेल. आणि मला सासूबाईंसमोर, आईंसमोर, बसून पाऊस बघावा लागेल.

बाबाजीकाका असते तर! वर्ष सरलं की पिशवीभर कागद त्यांच्यापुढे ओतायचे, गेल्या वर्षीचं बघून ते या वर्षीचं भरायचे. कधी एक प्रश्न विचारला नाही. एप्रिलमध्ये गेले. आता कोणाकडे जायचं?

२० जून

रघूला विचारलं. म्हणतो, 'वैनी, मोबाईलवर सगळं भरता येतं. त्याला माणूस कशाला ठेवायचा? तो आपल्या घरात नाक खुपसणार, वर पैसे घेणार.' रघू वीस वर्षं मांडवाच्या शिडीवर आहे. वरून त्याला सगळंच सोपं दिसतं.

पण मलाही तसंच वाटतं. अकाउंटंट कंपन्यांना लागतो. माझ्याकडे काय — बांबू, पडदे, खुर्च्या आणि एक खोकणारा टेम्पो.

२३ जून

रोह्याच्या सायबर कॅफेत तासभर बसले. पोरगा हुशार, फटाफट बटणं दाबत होता. मग म्हणाला, 'मालकाच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, सांगा.'

मी म्हटलं, 'मालक मीच.'

'नाही मावशी. पॅन दिनानाथ म्हात्रे यांचं आहे. त्यांना फोन लावा की.'

त्याला सांगावं लागलं. आठ वर्षं होतील येत्या ऑगस्टला. टेम्पो कुंडलिकेच्या पुलाजवळ उभा होता, किल्ली आत, दार उघडं, आणि माझा नवरा नाही. नदी दोन्ही काठ भरून चाललेली. होड्या फिरल्या, पोलिसांत नोंद झाली. काही मिळालं नाही. नंतर कोणी म्हणालं सुरतेला दिसला, कोणी म्हणालं पनवेलला. दिसला म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्याला हाक मारली नव्हती.

पोरगा मग पैसे घेईना. मी ठेवून आले. दया नको, नंबर हवा होता.

२४ जून

चिडचिड. जेवण करपवलं.

२ जुलै

उद्या पेणला जाणार. दळवी म्हणून एक आहेत, कमळाकर दळवी. कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलंय. खुर्च्या भाड्याने नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने नाव सुचवलं. नुसतं विचारून येते. विचारायला काय जातं!

आईंना सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. 'परक्या माणसाला घरातलं कशाला दाखवायचं गो?' एवढंच म्हणाल्या.

३ जुलै, सोमवार

वडखळपर्यंत खड्डे, पुढे ट्रॅफिक. दळवींचं ऑफिस मेडिकलच्या वर, एक खोली. माणूस पन्नाशीचा, हळू बोलतो, समोरच्याचं पूर्ण ऐकतो. मी कागद ओतले. ते एकेक उचलून बघत राहिले.

मग विचारलं, 'ही सही कोणाची?'

'मालकांची.'

'ते तर आठ वर्षं बेपत्ता आहेत म्हणालात.'

'मीच करते.'

त्यांनी कागद खाली ठेवला. रागावले नाहीत. पण चेहरा असा झाला की जणू मी गॅसची नळी उघडी ठेवून आले होते. म्हणाले, 'ताई, यापुढे ही सही करायची नाही. एकदाही नाही.'

मी म्हटलं, मग कोणाची करू? बाबाजीकाका म्हणाले होते, इथे त्याचं नाव लिही. मी लिहिलं. माझं नाव कुठे लिहायला कोणी सांगितलंच नाही.

दळवी म्हणाले, 'तेच म्हणतोय मी. धंदा तुम्ही करता. माणसं तुम्ही सांभाळता. पण कागदावर तुम्ही नाहीच आहात.'

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या नावाने नवा धंदा आठवड्यात सुरू होईल, नंबरही मिळेल. पण गोदाम त्याच्या नावावर, टेम्पो त्याच्या नावावर, सामान त्याच्या धंद्याचं. उद्या कोणी हक्क सांगितला, किंवा टेम्पोचा अपघात झाला, तर मी कोण? बायको. बायको म्हणून काही मिळत नाही. वारस म्हणून मिळतं. आणि वारस व्हायचं तर —

त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवला. त्यावर दोनच शब्द होते. हयात. मयत. एकावर खूण करायची.

मी म्हटलं, 'तिसरं काही नाही?'

'नाही ताई.'

येताना एसटीत खिडकीशी बसले. वडखळला रडले. वडखळला सगळी गाडी कंटाळलेली असते, कोणी बघत नाही.

४ जुलै

त्या सहीचा विचार सुटत नाही. तोंडाने मी त्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण वर्षातून एकदा, बाबाजीकाकांच्या टेबलावर, मी ते माझ्या हाताने लिहायची. त्याच्या 'द'ला खाली लांब शेपूट असायची, तीही काढायची. दळवींना तो गुन्हा दिसतो. असेलही. मला तो दिवस सणासारखा वाटायचा.

९ जुलै

मोरूमामा पेणहून आले. आईंचे धाकटे भाऊ. इतक्या पावसात? आईंनी फोन केला असणार.

'सूनबाई, बेपत्ता माणूस सात वर्षांनी मेला असं कायदा बोलतो तर बोलू दे. आपल्यात बारा वर्षं थांबतात. बारा झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करू, त्याला रीतीने अग्नी देऊ. तवर तो हाय. तुजा कुंकू हाय. कागदासाठी माणूस मारतात का?'

मी म्हटलं, मामा, मी कोणाला मारत नाही. पण कंपनी बारा वर्षं थांबेल का?

मामांनी चहा अर्धा टाकला.

आई दिवसभर बोलल्या नाहीत. रात्री माझ्या ताटात त्यांच्या वाटचा मासा सरकवला. भांडण झालं की त्या असंच करतात. मी खाल्ला.

१५ जुलै

दळवींना होय म्हणून कळवलं. नव्या धंद्याचे कागद माझ्या नावाने करा. जुन्याचं काय करायचं ते नंतर बघू.

'फी' विचारायची विसरलेच. रघू म्हणाला, 'बघा, आताच डोळ्यांवर पट्टी बांधली त्यांनी.' त्याला म्हटलं, तू दोऱ्या आवळ.

२८ जुलै

नंबर आला! कागदावर माझा फोटो, वाईट आलाय, आणि खाली — मालक : चंद्रावती दिनानाथ म्हात्रे. देवापुढे ठेवला. मग उगाच दोनदा जाऊन पाहिला.

आईंनी विचारलं, 'काय गो तो?'

'माझं नाव आहे आई.'

'मंग बरं.' कागद हातात घेतला त्यांनी. वाचता येत नाही, पण फोटोवरून अंगठा फिरवला.

१९ ऑगस्ट

आज आठ वर्षं. पुलावर गेले नाही. पहिली तीन वर्षं जायची, पाण्याकडे बघायची, आणि पाण्याला काय विचारायचं ते कळायचं नाही. आज आईंनी त्याच्या आवडीच्या पोह्यांच्या भाकऱ्या केल्या. दोघी जेवलो. मला मूल नाही, माहेरी भाऊ-भावजय आपल्या संसारात. लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं, तू तरुण आहेस, परत जा. मी राहिले. त्याच्यासाठी राहिले असं लोक म्हणतात. पहिली दोन वर्षं ते खरं होतं. नंतर मी आईंसाठी राहिले. ज्या बाईने मला ताप आल्यावर सात दिवस मांडीवर घेतलं, तिला टाकून कुठे जाणार?

२९ सप्टेंबर

खंडेनवमी. हातोडे, पहारी, दोऱ्यांची भेंडोळी, टेम्पो — सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. धाटावचं काम झालं, बिल नव्या नंबराने गेलं, पास झालं. रघूही मान्य करतो आता. म्हणजे तोंडाने नाही, पण दळवींना 'आपले दळवी' म्हणतो.

दळवींचा फोन आला दुपारी. टेम्पोचे कागद संपतायत. गोदामाच्या मागची जागा शेजारचा कुंपण सरकवत सरकवत आत घेतोय, त्यालाही नोटीस द्यायची तर मालक हवा. 'ताई, आता थांबू नका. रोह्यात एक वकीलबाई आहेत, त्यांना भेटा. मी बोललोय.'

तीन महिने मी 'नंतर' म्हणत होते. तो नंतर आज आला.

६ ऑक्टोबर

वकीलबाई माझ्यापेक्षा लहान. दिनानाथ म्हात्रे यांना मृत समजण्यात यावं, असा दावा लावायचा. पोलिसांची नोंद आहे, पेपरात नोटीस द्यावी लागेल. आणि प्रतिज्ञापत्रं — माझं एक, त्याच्या आईचं एक.

'आईंचं कशाला? म्हातारं माणूस,' मी म्हटलं.

'त्यांचंच महत्त्वाचं. माणूस जिवंत असेल तर खबर कोणाला देईल? बायकोला किंवा आईला. तुम्ही दोघींनी शपथेवर सांगायचं की सात वर्षांत काही खबर नाही. बाकी मी बघते.'

माझं मी तिथेच सही करून दिलं. स्वतःची सही.  खाली उतरले तेव्हा बाजारात एकजण पणत्या मांडत होता. मी एक डझन घेतल्या, का ते माहीत नाही.

८ ऑक्टोबर

आईंना सांगितलं. देवासमोर बसून होत्या, तशाच राहिल्या. म्हणाल्या, 'गुडघा दुखतोय. दिवाळी होऊ दे.'

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आता म्हणतात तुळशीचं लग्न होऊ दे.

मला राग येत नाही त्यांचा. आई आहे. मुलगा मेला असं स्वतःच्या अंगठ्याने सांगायचं! मी तिच्या जागी असते तर तुळशीची दहा लग्नं लावली असती.

१४ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

वरसे गावातल्या गिरजाबाईंच्या मुलीचं लग्न. मांडव माझा. त्यांच्या घरातली तीन लग्नं मी उभी केली. दरवेळी पहिला खांब टेम्पोतून उतरला की गिरजाबाई मला बोलवतात, 'चंद्रा, तुजा हात चांगला, तू लाव हळद-कुंकू.' मग घरच्या सवाष्णी लावतात. गावोगाव हे ठरून गेलंय — म्हात्रेबाईंचा मांडव, म्हात्रेबाईंचं पहिलं कुंकू.

आज दारात आल्या. पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, 'खांब घेऊन रघूला पाठव. तू सावकाश ये गो, जेवायला ये.'

मी समजले. पेपरात अजून नोटीस नाही, पण रोह्यात वकिलाच्या जिन्यावर चढलेली बाई गावाला दिसते. माझ्या कपाळाकडे बघत नव्हत्या, इतकं सांभाळून बघत नव्हत्या की तेच दिसत होतं.

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

आई आतून आल्या. काठी न घेता आल्या. 'गिरजे, माजी सून मांडवात जाणार नाय तर माजे खांबही जाणार नाय. बांबू तोड जा रानात.' गिरजाबाई हातच जोडू लागल्या. आई थांबेनात. 'सवाष्ण हाय ती. मी सांगते, सवाष्ण हाय.'

गिरजाबाई गेल्यावर मी आईंच्या पायाशी बसले.  माझ्यासाठी या जन्मात असं कोणी भांडलं नव्हतं.

२० नोव्हेंबर

लग्नाला गेले. पहिला खांब मीच पुजला. गिरजाबाईंनी स्वतः तबक धरलं. 

दोन डिसेंबरचं बुकिंग मोडलं, मी दिलेला नारळ परत आला. नागोठण्याकडचं गिऱ्हाईक. कारण सांगितलं नाही.

५ डिसेंबर

दळवींना फोन केला. म्हटलं, तुम्ही आलात आणि माझं सगळं उसवलं. नसता ठेवला अकाउंटंट तर बरं झालं असतं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, 'ताई, उसवलेलं आधीच होतं. वरून पडदा होता.'

पडद्याच्या धंद्यातल्या बाईला पडद्याचं सांगतात! फोन ठेवला. पण रागावून रागावून शेवटी मलाच ते पटलं.

रघूने विचारलं, 'वैनी, लग्नाची कामं गेली तर?' गेली तर गेली. कंपन्यांची वाढवू. शाळांची गॅदरिंगं घेऊ. तिथे खांबाला कुंकू कोण लावतं कोणी बघत नाही.

१६ जानेवारी २०१८

रघू-जगनने गोदामामागे पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला. आई शेकोटीशी बसल्या. पहिली शेंग त्यांनी सोलून मला दिली. मी विचारलं, 'आई, येता का कोर्टात? जबरदस्ती नाही. नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. बारा वर्षं थांबू.'

जाळाकडे बघत राहिल्या. 'तुजं नाव लागायला पायजे ना गो सगळ्यावर?'

'हो आई. मला पाहिजे.'

पहिल्यांदाच एवढं सरळ बोलले मी. मला पाहिजे. टेम्पोवर, गोदामावर, पाटीवर. तो गेला म्हणून नाही. मी राहिले म्हणून.

'मंग ने. नेशील तिथं येते,' म्हणाल्या.

४ फेब्रुवारी

आईंसाठी नवी साडी आणली, हिरवट. रोह्याला जायचं म्हणून. त्या म्हणाल्या, असल्या कामाला नवी साडी? मी म्हटलं, कामासाठी नाही, तुमच्यासाठी. टेम्पोने नको, रिक्षा सांगितलीय.

रात्री मीच ठरवून टाकलं. कागद झाले की पाटी बदलायची, पण त्याचं नाव पुसायचं नाही. माझ्या नावात ते आहेच. आणि बारा वर्षं झाली की पळसाचा पुतळा मामांच्या रीतीनेच होऊ दे. तेवढं आईंचं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आईंनी अंगठा दिला नाही.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र सावकाश वाचून दाखवलं. 'गेल्या सात वर्षांत मला त्याची कोणतीही खबर नाही', इथपर्यंत आल्या. शाईचा डबा उघडून पुढे केला. आईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. 'ह्ये खरं नाय,' म्हणाल्या. 'फोन येतो त्याचा. मोरूकडं. सुरतेला असतो. बाय हाय, दोन पोरं हायत.'

 मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'तुला सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का गो माज्यापाशी?'

रिक्षातून दोघी परत आलो. उत्तर मी अजून दिलेलं नाही.